वलवणचे सरोवर आणि इंद्रायणीची जलपर्णी

बोरघाट चढून लोणावळ्यास आलेल्या माणसाला भुशीचा बांध ठाऊक असतो, खंडाळ्याची दरी ठाऊक असते, चिक्कीची दुकाने तर तो न विचारता शोधून काढतो. परंतु गावाच्या ईशान्येस, वलवणच्या हद्दीत, सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीची जी दगडी भिंत शंभराहून अधिक वर्षे उभी आहे आणि तिच्यामागे सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस अडवून जे विस्तीर्ण सरोवर पसरले आहे, त्याच्याकडे त्याची दृष्टी गेलीच तर वाटेवरचे एक रमणीय दृश्य म्हणूनच जाते. भिंतीच्या पायथ्याशी बाग आहे, पाण्याच्या आसपास विश्रांतीसाठी बांधलेले बंगले आहेत, द्रुतगती मार्गही जवळूनच जातो. आणि श्रावणात सरोवर काठोकाठ भरले, म्हणजे हे पाणी माणसाच्या करमणुकीसाठीच येथे आणून ठेवले आहे असा कोणाचा समज झाला, तर त्यात नवल नाही. वास्तविक ते वीज करण्यासाठी साठवलेले पाणी आहे. त्याचा निर्मळपणाही बऱ्याच अंशी त्याच व्यवहारातून आलेला आहे. आणि याच भिंतीखालून पुढे जाणारी इंद्रायणी दर उन्हाळ्यात जलपर्णीने का गुदमरते, याच्या उत्तराचा एक मोठा भाग देखील याच व्यवहारात दडलेला आहे.

सह्याद्रीच्या धारेवर पडणाऱ्या प्रचंड पावसापासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवावी, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईकर गृहस्थाने जमशेटजी टाटांच्या पुढे मांडली, आणि जमशेटजींनी ती आपलीशी केली. परंतु १९०४ मध्ये ते निवर्तले, आणि योजनेला मूर्त स्वरूप येण्यास १९१० साल उजाडावे लागले, जेव्हा टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन होऊन एतद्देशीय भांडवलावर कामाची तजवीज झाली. १९११ च्या फेब्रुवारीत मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईकडे वीज वाहू लागली. लोणावळा, वलवण आणि शिरवटा अशी तीन सरोवरे या योजनेत कल्पिलेली होती, आणि त्यांच्या कामांची वाटणी फार विचारपूर्वक केलेली होती: लोणावळ्याचे उथळ सरोवर पावसाळ्याच्या दिवसांत वापरायचे, वलवण आणि शिरवटा यांचे साठे वर्षाच्या उरलेल्या कोरड्या महिन्यांसाठी राखायचे, आणि शिरवट्याचे पाणी डोंगरातून खोदलेल्या बोगद्याने वलवणात आणायचे.

वलवणची भिंत सुमारे २६ मीटर उंच आणि सुमारे १,३५० मीटर लांब आहे. तिच्यामागे सुमारे सात कोटी घनमीटर, म्हणजे अडीच अब्ज घनफूट पाणी मावते. तेथून ते पाणी कालव्याने खंडाळ्याच्या कड्याशी जाते, आणि पोलादी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली कोसळून खोपोलीची चक्रे फिरवते. एक घनमीटर पाणी एवढ्या उंचीवरून उतरले म्हणजे यंत्रांतील गळती वजा जाता सुमारे सव्वा युनिट वीज देते. खोपोलीच्या वीजघराची क्षमता आज ७२ मेगावॅट आहे. ते पूर्ण शक्तीने चालले तर दिवसाला चौदा लाख घनमीटरांच्या आसपास पाणी घाटाखाली जाईल, असा हिशेब सहज मांडता येतो. चक्रांतून सुटलेले पाणी पाताळगंगेस मिळते, आणि कोकणातील ती नदी भर वैशाखातही वाहती राहते ती त्याच पाण्यावर.

सरोवराच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या माणसाने या आकड्यांकडे विजेच्या दृष्टीने पाहण्याऐवजी पाण्याच्या वास्तव्याच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या पावसाने भरलेले पाणी पुढच्या आठ महिन्यांत टप्प्याटप्प्याने खाली जाते, आणि मृगाच्या तोंडावर सरोवर आकसून त्याच्या काठचा मोठा पट्टा उघडा पडतो. पाणी असे दरसाल बदलले जाते, म्हणून त्याच्यात विरघळलेले पोषकद्रव्य साचत साचत वर्षानुवर्षे वाढण्यास फारसा अवसर मिळत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट काठाची. पाण्याखाली मुळे रोवून वाढणाऱ्या ज्या वनस्पती आहेत, हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आदीकरून, त्यांना दोन-तीन मीटर खोलीपर्यंतचा, प्रकाश पोहोचणारा उथळ पाणथळ पट्टा हवा असतो. आणि ज्या सरोवराची पातळी दर उन्हाळ्यात कित्येक मीटर खाली उतरते, तेथे नेमका हाच पट्टा वैशाखाच्या उन्हात करपून निघतो. तण जाळण्यासाठी जगभरचे तलाव-व्यवस्थापक मुद्दाम पाणी उतरवतात. वलवणात ती क्रिया विजेच्या मागणीने आपोआप घडते. हायड्रिलाचे कंद चिखलात खोल जिवंत राहू शकतात, म्हणून या उपायाने तण निर्मूळ होते असे मात्र कोणी समजू नये. ते दबून राहते, आणि करमणुकीच्या पाण्याला तेवढे पुरते.

तिसरे कारण पाणलोटाचे. वलवणच्या वरची भूमी काळ्या बसाल्टाच्या उतारांची, माथ्यावर जांभा असलेली, अधूनमधून जंगलाची आणि विरळ वस्तीची आहे, आणि अशा खडकावरून धावत येणारे पावसाचे पाणी क्षारांनी व पोषणाने दरिद्री असते. या दारिद्र्यातच सरोवराची श्रीमंती आहे. ज्या मूलद्रव्यावाचून पाण्यातील शेवाळाला वाढता येत नाही आणि जे गोड्या पाण्यात निसर्गतः सर्वांत दुर्मिळ असते, ते फॉस्फरस होय. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एका अरुंद कंबरेच्या सरोवराचे पडदा घालून दोन भाग केले. एका भागात नत्र आणि कर्ब घातला, दुसऱ्यात नत्र, कर्ब आणि फॉस्फरस. थोड्याच दिवसांत दुसरा भाग शेवाळाने हिरवागार झाला आणि पहिला स्वच्छ राहिला. एका किलो फॉस्फरसावर सुमारे पाचशे किलो ओले शेवाळ पोसले जाऊ शकते असा हिशेब तलावशास्त्राच्या ग्रंथांतून सांगितला जातो, आणि माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला दीडएक ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. आता शनिवार-रविवारी डोंगरावर येणारे पाहुणे केवळ उदाहरणादाखल दहा हजार धरले, आणि त्यांचे सांडपाणी शुद्ध न होता पाण्यात गेले असे कल्पिले, तर एका दिवसात पंधरा किलो फॉस्फरस, म्हणजे साडेसात टन शेवाळाचे अन्न, तेवढ्या सुटीने पाण्याच्या स्वाधीन केले असे होईल. कपडे व भांडी धुण्याच्या भुकट्यांचा वाटा त्यात धरलेलाच नाही.

पाण्याची पारख करण्यासाठी प्रयोगशाळाच पाहिजे असे नाही. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात वापरलेली साधी पांढरी तबकडी आजही तलावशास्त्राचे पहिले उपकरण आहे. २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्यापांढऱ्या चतुर्थांशांत रंगवलेली तबकडी दोरीने खाली सोडायची, ती दिसेनाशी होईल त्या खोलीची नोंद घ्यायची, आणि महिन्याच्या महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी हे करीत राहायचे. ही खोली वर्षामागून वर्षे कमी होत गेली, तर शेवाळ किंवा गाळ वाढत आहे हे डोळ्यांना हिरवेपणा दिसण्याच्या कितीतरी आधी कळते. शाळेच्या मुलांनाही करता येण्याजोगे हे काम आपल्याकडील जलाशयांवर नियमाने चालावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. कारण आपल्या सरकारी दप्तरांत पाण्याच्या नमुन्यांचे आकडे असतात, पण काठावर राहणाऱ्या माणसाला आपल्या डोळ्यांनी रुजवात घेता येईल अशी नोंद क्वचितच असते. सरकारी मापही समजून घेण्यासारखे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे पाच वर्ग ठरवले आहेत. उघड्यावर स्नान करण्यास योग्य अशा दुसऱ्या वर्गाच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला निदान ५ मिलिग्रॅम असावा, जैविक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि दर १०० मिलिलिटरांत कोलिफॉर्म जंतू ५०० हून अधिक नसावेत, अशी त्याची व्याख्या आहे. ज्या पाण्यात माणूस आपल्या मुलाबाळांना उतरवतो त्याला एवढी कसोटी लावणे अवास्तव नाही.

भिंतीच्या वर अशी अवस्था, आणि भिंतीच्या खाली? कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी लोणावळा शहरातून वाहत कामशेत, देहू, आळंदी असा प्रवास करून तुळापुरास भीमेला मिळते. देहू-आळंदीमुळे ज्या नदीला महाराष्ट्राच्या हृदयात स्थान मिळाले, त्या नदीचे पहिलेच शहर लोणावळा. आणि पावसाचा पूर ओसरून दोनतीन महिने झाले की शहरातील तिच्या पात्रावर जलपर्णीचा हिरवा थर धरू लागतो, आणि उन्हाळ्यापर्यंत कित्येक ठिकाणी पाणी म्हणून काही दिसेनासे होते. वलवणवर आणि नदीवर पाऊस एकच पडतो, हवा एकच, सूर्य एकच; दोहोंमध्ये अंतर थोडक्या मैलांचे. पाहणाऱ्याने येथे थांबून विचार केला पाहिजे, कारण तण ज्या जागी उगवते त्या जागेचे वर्तमान ते सांगत असते.

जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतील अमेझॉनच्या खोऱ्यातील वनस्पती. जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी तिला जगभर नेण्यात आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली; तेथे तिने भातखाचरे आणि जलमार्ग असे ग्रासले की १९३६ मध्ये बंगाल सरकारला तिच्या नावाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. पानांचे देठ हवेने फुगलेले, म्हणून ती तरंगते. मुळे पिसांसारखी दाट, पाण्यात लोंबणारी, म्हणून तिला जमिनीची गरज नाही. तिच्या अंगात शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असते, म्हणून ती काढावयास गेले की मजुराच्या आणि यंत्राच्या वाट्याला बहुतेक पाणीच उपसण्याचे काम येते. ती बियांनीही वाढते, आणि तिचे बी चिखलात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. पण तिचे खरे सामर्थ्य आडव्या फुटव्यात आहे, ज्याच्या टोकाला नवे रोप तयार होते आणि त्या रोपाला पुन्हा फुटवा येतो. ऊब आणि भरपूर पोषण मिळाले की पंधरवड्याच्या आत तिचे क्षेत्र दुप्पट होते. तिच्या दाट आच्छादनाखाली प्रकाश पोहोचत नाही, वाऱ्याने पाण्याला हवा मिळत नाही, कुजणारी पाने तळाशी जाऊन उरलेला प्राणवायू खातात, मासे मरतात, आणि संथ पाण्यात डासांची पैदास बेसुमार होते. काही जातींचे डास तर आपल्या अळ्यांना श्वास घेता यावा म्हणून अशा वनस्पतींच्या मुळांचाच आश्रय करतात.

अशा वनस्पतीला तीन गोष्टी लागतात: संथ पाणी, ऊब आणि अन्न. शहरातील सांडपाण्याचा जो भाग प्रक्रियेवाचून ओढ्यानाल्यांतून नदीत येतो, त्याने अन्नाची तरतूद होते. संथ पाण्याची तरतूद कशी होते हे मात्र क्वचितच बोलले जाते, आणि म्हणून ते येथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. निसर्गाच्या मूळ रचनेत मावळच्या या माथ्यावरचे पाणी पूर्वेकडे, इंद्रायणी-भीमेच्या वाटेने कृष्णेकडे जावयाचे. डोंगराने, जंगलाने आणि मातीने धरून ठेवलेले त्यातील काही पाणी हिवाळ्यातही ओढ्यांतून झिरपत नदीस मिळावयाचे. १९१५ पासून त्या पाण्याचा मोठा हिस्सा पश्चिमेकडे वळून पाताळगंगेत जातो. हे वळण कायदेशीर आहे, मोजलेले आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, १९७० च्या दशकात टाटांच्या सर्व जलविद्युत् योजनांना मिळून घाटाखाली सोडण्याच्या पाण्यावर सलग पाच वर्षांत २१२ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. त्या विजेने मुंबई घडवली, हे कोणीही कृतज्ञतेनेच सांगेल. परंतु डिसेंबरनंतर इंद्रायणीच्या पात्रात स्वच्छ पाण्याचा ओघ जवळजवळ उरत नाही, आणि जे वाहताना दिसते त्यात गावाने वापरून टाकलेल्या पाण्याचा वाटा मोठा असतो, ही वस्तुस्थितीही त्याच जमाखर्चाच्या दुसऱ्या बाजूला मांडली पाहिजे. वरचे सरोवर निर्मळ आणि खालची नदी व्याधिग्रस्त, या दोन निरनिराळ्या घटना नव्हेत. पाण्याच्या एकाच वाटपाची ती दोन अंगे आहेत.

यावर उपाय म्हणून जे केले जाते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. उन्हाळा आला आणि डासांच्या तक्रारी वाढल्या की निविदा निघते, मक्तेदार येतो, पोकलेन पात्रात उतरते, आणि जलपर्णीचे ढीग काठावर रचले जातात. हेक्टरी शेकडो टन वजनाचे हे ओझे जर त्याच काठावर पडून कुजले, तर पहिल्या पावसात त्यातील नत्र आणि फॉस्फरस परत नदीत जातो, आणि सगळा खटाटोप निष्फळ होतो. नदीतून जलपर्णी काढणे याचा शास्त्रीय अर्थ नदीतून पोषकद्रव्य काढणे असाच असला पाहिजे. म्हणून काढलेला माल पूररेषेच्या वर नेऊन, गांडूळखतासाठी किंवा शेणाबरोबर कुजवून शेतात पोहोचवणे ही त्या कामाची पुरवणी नसून त्याचा अर्धा भाग आहे. मोठ्या पुरात जलपर्णी वाहून जाते हे खरे. पण ती वाहून जाते म्हणजे खालच्या बंधाऱ्यावर, पुलाच्या खांबांवर आणि खालच्या गावाच्या अंगावर जाते. देहू-आळंदीच्या लोकांनी लोणावळ्याचे ते देणे का भरावे?

फवारणीचा मोह अनेकांना होतो. २,४-डी किंवा ग्लायफोसेट यांसारखी तणनाशके जलपर्णी मारतात, यात शंका नाही. परंतु मेलेली वनस्पती तेथेच बुडून कुजते, पाण्यातील प्राणवायू एकदम खाली येतो, आणि ज्या पाण्याचा पुढे पिण्यासाठी किंवा स्नानासाठी उपयोग होतो त्यात हे विष घालण्याचे समर्थन मला तरी करता येत नाही. कीटकांचा मार्ग अधिक सौम्य आहे. जलपर्णीच्याच मायदेशातील निओचेटिना जातीचे सोंडकिडे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तपासून आसपासच्या तलावांत सोडले, आणि काही वर्षांच्या अवधीत तेथील जलपर्णी लक्षणीय प्रमाणात खचली. केरळात साल्व्हिनिया नावाच्या तरंगत्या नेच्याने भातशेती आणि जलमार्ग असेच व्यापले होते. ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या एका इवल्या सोंडकिड्याने त्याला थोड्याच वर्षांत आवर घातला, आणि जैविक नियंत्रणाच्या इतिहासातील हा एक उजळ प्रसंग मानला जातो. मग इंद्रायणीत हेच का करू नये? करावे, पण या किड्यांना दोन-चार वर्षांचे स्वास्थ्य लागते, आणि आपल्या नदीत दर आषाढात पूर येऊन झाडांबरोबर किडेही वाहून जातात, दर चैत्रात यंत्र येऊन उरलेले उचलून नेते, आणि सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी किडे खाण्याच्या वेगाहून अधिक वेगाने वाढते. संथ, बंदिस्त तलावात जे साधते ते वाहत्या नदीत तसेच साधेल असे नाही.

गवत्या माशाबद्दलही असेच सांगता येईल. चीनमधील ही जात १९५९ मध्ये भारतात आली. हायड्रिलासारखे बुडालेले तण हा मासा मोठ्या आवडीने खातो, जलपर्णीला मात्र सहसा तोंड लावीत नाही. आणि खाल्लेल्याचा बराच अंश अर्धवट पचून विष्ठेच्या रूपाने पाण्यातच पडतो, तेव्हा तण गेले तरी त्याच्या जागी हिरवे शेवाळ उठते. तण आणि शेवाळ हे एकाच अन्नाचे दोन भागीदार आहेत. एकाला हाकलले की दुसरा येऊन बसतो. कोल्हापूरच्या रंकाळ्याने हे दोन्ही अनुभव घेतले आहेत, कधी जलपर्णीचा विळखा, कधी पाण्यावर आलेली नीलहरित शेवाळाची दुर्गंधीयुक्त साय. आणि तेथेही शेवटी सर्वांचे बोट श्याम सोसायटीच्या नाल्यासारख्या सांडपाण्याच्या प्रवाहांकडेच वळले.

माशांचा विषय निघाला आहे, तर वलवणच्या आणखी एका कार्याची ओळख करून दिल्याखेरीज पुढे जाणे अन्यायाचे होईल. कर्नल साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास पुण्याच्या मुळा-मुठेतून ज्या महाशीर माशाचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले, तो निळ्या परांचा महाशीर सह्याद्रीच्या नद्यांचा राजा. त्याला खळखळते, प्राणवायूने समृद्ध, गोट्यांच्या तळाचे पाणी लागते. धरणे, जिलेटिनच्या कांड्या आणि मैलापाणी यांच्यामुळे तो क्षीण होत चालला होता. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी लोणावळ्यास या माशाचे कृत्रिम प्रजनन साध्य केले, आणि टाटांच्या वीज कंपनीने वलवणच्या काठी मत्स्यबीज केंद्र चालवून ते काम पुढे अर्धशतकभर जोपासले. पक्व मादीचे अंडे हलक्या हाताने पिळून घ्यायचे, नराच्या रेताशी त्याचा संयोग करायचा, वाहत्या पाण्याच्या तबकांत ती अंडी राखायची आणि बोटभर पिल्ले होईपर्यंत सांभाळायची: या सगळ्या क्रियेला पहिली अट आहे ती निर्मळ पाण्याची, आणि वलवणच्या पाण्याला मिळालेले याहून चांगले प्रशस्तिपत्र मला माहीत नाही. येथली लक्षावधी पिल्ले देशातील अनेक राज्यांच्या जलाशयांत गेली.

त्यातील काही कावेरीतही गेली, आणि तेथून या कथेला एक गंभीर वळण लागले. कावेरीच्या खोऱ्यात मदार असलेला स्वतःचा एक महाशीर होता, जगातील सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ मध्येच पक्की झाली, आणि तोवर तो अतिसंकटग्रस्त ठरण्याइतका विरळ झाला होता. निळ्या परांचा जो महाशीर बाहेरून तेथे सोडला गेला, त्याची संख्या वाढत गेली आणि मूळ रहिवासी मागे हटत गेला, असे या नद्यांचा अभ्यास करणाऱ्यांचे निष्कर्ष सांगतात. ज्यांनी पिल्ले दिली त्यांचा हेतू शुद्ध होता, विद्या उत्तम होती, आणि त्या काळी महाशीरांच्या जातींतील भेदही स्पष्ट झालेले नव्हते. म्हणून दोष कोणाला द्यावा असे मला वाटत नाही. परंतु एखाद्या पाण्यात नवा मासा, नवा कीटक किंवा नवी वनस्पती सोडण्याचा निर्णय त्या पाण्यापुरता कधीच राहत नाही, एवढे ध्यानात ठेवूनच गवत्या मासा वा सोंडकिडा यांच्या परवान्याचा विचार व्हावयास हवा. महाशीराला त्याच्या स्वतःच्या खोऱ्यात, इंद्रायणीतच पुन्हा नांदवता आले तर त्यासारखे सुख नाही. देहू-आळंदीच्या डोहांत माशांना श्रद्धेने अभय देण्याची परंपरा होतीच.

वलवणचे पाणी आज चांगले आहे, म्हणून ते उद्याही तसेच राहील असे गृहीत धरण्याचे दिवस सरत चालले आहेत. काठचे बंगले वाढत आहेत. प्रत्येकाला शौचकूप आहे, आणि डोंगरउतारावरच्या पातळ मातीत व भेगाळ बसाल्टात शोषखड्डा खोदला तर पावसाळ्यात त्यातील पाणी शोषले न जाता उताराने थेट जलाशयाकडे धाव घेते. हिरवळीवर टाकलेले रासायनिक खत, बांधकामासाठी कापलेल्या टेकडीची लाल माती, द्रुतगती मार्गावरून धुऊन येणारे तेल व धूळ, हे सगळे त्याच दिशेने वाहणार. म्हणून मलप्रपाताच्या टाक्या जलरोधक असाव्यात, त्यांचा उपसा दरसाल व्हावा, पूर्णसंचय पातळीच्या वरती झाडाझुडपांचा रुंद पट्टा कोणीही तोडू नये, आणि या गोष्टींची तपासणी कंपनी, नगरपरिषद व ग्रामपंचायती यांनी आपापल्या हद्दीचा वाद न घालता एकत्र करावी. नौकाविहार ज्या सरोवरांत चालतो, तेथे आणखी एक दक्षता लागते: दुसऱ्या पाण्यात चाललेली होडी, वल्हे, गळ किंवा जाळे धुऊन वाळवल्याखेरीज आत उतरू देऊ नये, कारण जलपर्णीचे एक रोप किंवा हायड्रिलाचा एक तुकडा जाळ्याच्या गाठीत अडकून आला तरी तो एका नव्या सरोवराला पुरेसा होतो. जेथून ओढा आत येतो त्या मुखाशी तरंगता अडसर बांधावा आणि तेथे आठवड्याला एक फेरी मारून अडकलेली रोपे हाताने काढावीत. या कामाला यंत्र लागत नाही, माणूस लागतो, आणि तो वर्षभर लागतो.

नदीच्या बाबतीत मुख्य उपाय सांडपाणी अडवून शुद्ध करण्याचा, त्याला पर्याय नाही. आणि दुसरा, उन्हाळ्यात वरच्या साठ्यांतून पात्रात थोडा का होईना, नियमित ओघ सोडण्याचा, ज्याची मागणी करणे म्हणजे विजेशी वैर करणे नव्हे. खोपोलीस उतरणाऱ्या पाण्याचा अगदी लहान हिस्सा पूर्वेकडे वळवला तर किती युनिट कमी होतील याचा हिशेब वर दिलेल्या सव्वा युनिटावरून कोणासही करता येईल, आणि तो हिशेब उघडपणे मांडून त्यावर निर्णय व्हावा. तोवर जलपर्णी काढण्याचे काम चालणारच, पण निदान त्याचा मोसम बदलता येईल. पंधरवड्याला दुप्पट होणारी वनस्पती दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास एक गुंठाभर उरली असेल, तर चार महिन्यांत ती आठ वेळा दुप्पट होऊन २५६ गुंठ्यांची, म्हणजे सहा एकर सोळा गुंठ्यांची होते. निविदा निघते ती नेमकी या सहा एकरांसाठी. कोजागरीनंतर पूर ओसरून पाणी निवळते, त्या वेळी बंधाऱ्यांच्या कोपऱ्यांत, पुलांच्या खांबांआड आणि नाल्यांच्या मुखांशी अडकलेली मूळ रोपे होडीतून, जाळ्याने, माणसांच्या हातांनी वेचून काढली, आणि आळंदीची कार्तिकी भरण्यापूर्वी लोणावळा ते आळंदी एकदा सगळे पात्र फिरून झाले, तर तेच काम दोनशे छप्पन्नाव्या भागात होते. नगरपरिषदेचा आर्थिक वर्षाचा हिशेब मार्चला बंद होत असेल; जलपर्णीच्या कामाची मंजुरी मात्र त्याआधीच्या भाद्रपदात, नदी भरून वाहत असतानाच, हातात असली पाहिजे.